बिनपंचनाम्याच्या बाईंना

श्रीमती बुरशीबाई अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस यांस,
मु. पो. मक्याचं पोतं, भिंतीकडची थप्पी, खालून पहिला थर,
ता. जुन्नर आणि ता. आंबेगाव (दोन्हीकडे बिऱ्हाड), जि. पुणे



पत्रास कारण की, मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरून बिबट्यानं एक शेळी नेली. सकाळी नऊच्या आत वनखात्याची माणसं दारात हजर. ठसे मोजले, फोटो काढले, पंच बोलावले, पंचनामा झाला, भरपाईचे कागद झाले. संध्याकाळपर्यंत ती शेळी गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होती. हयातीत तिला एवढं कुणी पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात माझ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये तुम्ही रोज पाटीभर पिल्लं मारत होता. तुमच्यासाठी कुणी पिंजरा लावला नाही की कुणी पंच आला नाही. साक्षीला मी एकटा होतो आणि मलाही तुमचा संशय आला नव्हता.

तेव्हा आधी अभिनंदन स्वीकारा. ऊस, टोमॅटोचे भाव आणि बिबट्या यांच्यापलीकडे आमच्या दोन तालुक्यांची बातमी सहसा जात नाही, आणि या आडोशाचा तुम्ही जसा उपयोग करून घेतलात तसा कुणाला जमला नाही. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र काढावं लागलं. तुम्हाला सरकारदरबारी खेटे घालावे लागले नाहीत. आळेफाट्यापासून घोडेगावापर्यंत जिथं पोत्यावर पोतं आहे आणि पोत्याखाली गार फरशी आहे, तिथं तुमचं निवारा केंद्र आहे. तेही आम्ही स्वखर्चानं बांधलेलं.

तुमचं घराणं मोठं आहे, हे मी नाकारत नाही. 1729 साली मिकेली नावाच्या इटालियन वनस्पतीशास्त्रज्ञानं तुम्हाला भिंगाखाली पाहिलं आणि त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायचं साधन आठवलं. त्यावरून तुमच्या कुळाचं नाव पडलं. आमच्या ओतूरच्या एखाद्या गुरुजींनी भिंगातून पाहिलं असतं तर त्यांना पूजेनंतर तीर्थ शिंपडायचा आंब्याचा डहाळा आठवला असता, आणि आज जगभरातल्या प्रयोगशाळांत तुम्हाला ‘डहाळी’ म्हटलं असतं. तुमची ओरायझी नावाची जवळची बहीण जपान्यांना सोया सॉस करून घालते. नायजर नावाची काळी बहीण लिंबूसत्व बनवून कारखाने चालवते. लांबच्या नात्यातली पेनिसिलियम तर आपल्याच जिल्ह्यात नोकरीला लागली. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली, तिथं तिनं पेनिसिलिन दिलं आणि किती माणसं वाचवली याचा हिशेब नाही. (तिच्याही माहेरची काही मंडळी मूत्रपिंडावर उठलेली आहेत, पण चांगल्या घरात असं बोलत नाहीत.) एवढ्या गोतावळ्यात तुम्हीच तेवढ्या स्वयंपाक सोडून विष रांधायला बसलात. त्या विषाला नावही तुमचंच मिळालं. अ‍ॅस्परजिलसचा अ, फ्लेव्हसचा फ्ल, आणि पुढे टॉक्सिन. अफ्लाटॉक्सिन. आमच्याकडे कर्तबगार मुलीचं नाव घराला देतात, तसं.

तुम्ही येता कशा, ते मला आता तोंडपाठ आहे. मका इकडचा थोडा, बाहेरचा फार. येवला, मालेगाव, सिल्लोडच्या बाजूनं ट्रक भरतात. संगमनेर मागं टाकून चंदनापुरी घाट चढतात आणि आळेफाट्याला येतात. कणीस खुडताना दाण्यात शंभराला वीस-पंचवीस भाग पाणी असतं. बारा-तेरावर आल्याशिवाय तो साठवू नये, हे पुस्तकात आहे आणि आमच्या आजीलाही माहीत होतं. ती दाणा दाताखाली धरायची, ‘कट्’ आवाज आला तरच कणगीत ओतायची. पण आता वाळवायला खळं नाही, माणूस नाही, आणि नेमकं त्याच वेळी परतीचा पाऊस ठरल्यासारखा येतो. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी देशात आली तेव्हापासून तर कणसाला आयती भोकं पडलेली असतात. अळीनं दार उघडायचं, पावसानं पायघड्या घालायच्या आणि तुम्ही आत शिरायचं. एवढी शिस्त आमच्या ग्रामपंचायतीतही नाही.

आडतीवर ओलाव्याला ‘हवा’ म्हणतात. किती सुंदर शब्द आहे पाहा. “शेठ, या मालाला जरा हवा आहे,” असं व्यापारी म्हणाला की मला खिडकी उघडल्यासारखं वाटतं. हवा असलेला मका क्विंटलमागे चार पैसे स्वस्त मिळतो. मी बोटानं दाणा चाचपतो, वास घेतो, थोडा कुबट आहे असं मनात म्हणतो आणि गाडी खाली करायला सांगतो. खोटं कशाला बोलू, तुम्हाला शेडमध्ये हाताला धरून आणणारा मीच. त्यात मक्याचे दिवस पालटलेले. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर लगाम घातला आणि सगळ्यांच्या नजरा मक्याकडे वळल्या. आम्ही उसाच्या पट्ट्यातली माणसं. आमच्या उसाचा लगाम आमच्याच कोंबड्यांच्या तोंडचा घास महाग करील, हे कुणाच्या ध्यानात आलं होतं? भाव चढला की माणसाचं नाक आपोआप बंद होतं.

इथेनॉल काढून झाल्यावर मक्याचा जो चोथा उरतो तोही वाळवून खाद्यात येतो. प्रथिनं भरपूर, किंमत बेताची, म्हणून सगळे खूश. त्यातला पिठूळ भाग दारूच्या भट्टीनं खाल्लेला असतो आणि बाकी सगळं साधारण तिपटीनं घट्ट होऊन उरतं. बाकी सगळं म्हणजे प्रथिनं आणि तुम्ही. मूळ मक्यात तुमचं विष असेल तर चोथ्यात त्याच्या तिप्पट. भट्टीतून माणूस झिंगून बाहेर येतो, तुम्ही मात्र ताज्यातवान्या होऊन.

माल शेडवर आला की पुढचं आमचं हवामान बघून घेतं. पश्चिमेला माळशेजच्या तोंडावर आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. आंबेगावात डिंभ्याच्या वर, भीमाशंकरच्या अंगाला, चुलीवर टांगलेलं मीठही ओघळतं. पूर्वेला बेल्हे, धामणीकडे पाऊस कमी, पण तिथं आम्ही ताडपत्री घट्ट बांधतो. दिवसा तापलेल्या ताडपत्रीला रात्री आतून घाम सुटतो आणि तो थेंब थेंब वरच्या पोत्यावर पडतो. पावसानं नाही तर घामानं, तुम्हाला काय, पाणी मिळाल्याशी कारण. पंचवीस ते पस्तीस अंश ऊब, थोडी ओल आणि फुटका दाणा. बाळंतिणीची खोली याहून वेगळी काय असते?

आणि मग पिल्लं येतात.

बाई, तुम्ही कधी एक दिवसाचं पिल्लू तळहातावर घेतलं आहे का? चाळीस-बेचाळीस ग्रॅम. त्यातला अर्धा जीव पिसात आणि उरलेला आवाजात. भाताच्या तुसाची गादी घालायची, वर कागद अंथरायचा, ब्रूडरचा दिवा पेटवायचा, गोल पत्रा लावायचा. खोके उपडे केले की पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ, मग एकेक पिल्लू पाण्यात चोच बुडवतं, मान वर करतं, आणि हळूहळू सगळ्या शेडचा आवाज एका पट्टीत येतो. आमच्या वडिलांना तो आवाज ऐकून कळायचं की उष्णता बरोबर आहे. सात दिवसांत हे पिल्लू आपल्या वजनाच्या चौपट होतं. म्हणजे आठवडाभर ते खाण्याखेरीज काहीच करत नाही. वजनाच्या मानानं मोठ्या कोंबडीपेक्षा ते कितीतरी जास्त खातं, आणि खाल्लेलं विष पचवून बाहेर टाकायची यकृताची यंत्रणा मात्र अजून नीट उभी राहिलेली नसते. तुम्ही कुणावर हात टाकायचा हे किती नेमकं निवडलं आहे! मोठी कोंबडी तेवढंच विष खाऊन कुरकुरत जगते. पिल्लू जगायला शिकायच्या आधीच संपतं.

तुम्ही घाई करत नाही, हे तुमचं वैशिष्ट्य. विष जास्त असलं तर दोन दिवसांत सडा पडतो, पण त्यात धोका आहे, लोकांना संशय येतो. थोडं थोडं देण्यात तुमचा हातखंडा. पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यात माणूस म्हणतो, “पिल्लं एकसारखी वाटत नाहीत.” काही मुठीएवढी, काही अजून अंड्याएवढी. पिसं अंगाला नीट बसत नाहीत, वाऱ्यात उभी राहिल्यासारखी दिसतात. पायांचा आणि चोचीचा पिवळेपणा उतरतो, कारण खाद्यातला रंग आतड्यातून आत जातच नाही. काही लंगडतात. उचलताना जरा दाब पडला तर कातडीखाली निळं पडतं, कारण रक्त गोठायची ताकदही तुम्ही काढून घेतलेली असते. मेलेलं पिल्लू फाडून पाहिलं तर कलेजी दिसते. गर्द तपकिरी, लखलखीत हवी ती. तुमच्या हाताखालून गेलेली कलेजी मोठी, पिवळट, तुपकट, बोटानं दाबली तर ओल्या पेढ्यासारखी फुटणारी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, खाऊन सुखावलेल्या पिल्लाची चरबी असेल. इतका मी हुशार.

पण तुमचं खरं काम कलेजीत नाही. ते शेपटीच्या बुडाशी आहे. तिथं पिल्लाला लहान बोराएवढी एक पिशवी असते. इटलीतल्या पादुआचा शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यानं चारशे वर्षांपूर्वी तिचं वर्णन केलं, म्हणून तिला बर्सा ऑफ फॅब्रिशियस म्हणतात. ती कशासाठी आहे हे पुढची साडेतीनशे वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. 1956 साली अमेरिकेतल्या ब्रूस ग्लिकनं दाखवलं की ही पिशवी लहानपणी काढली तर पक्ष्याला रोगाविरुद्ध लढणारी प्रतिपिंडं करताच येत नाहीत. माणसाच्या रक्तातल्या ‘बी’ पेशींना तो ‘बी’ या बर्सावरून मिळाला. म्हणजे अख्ख्या जगाची रोगप्रतिकारशास्त्राची शाळा कोंबडीच्या बुडाशी भरली. तुम्ही नेमकी ती शाळा बंद पाडता. बर्सा आक्रसतो, गळ्यातली थायमस ग्रंथी आक्रसते, आणि पिल्लू बाहेरून पिल्लूच दिसतं. सातव्या दिवशी त्याच्या डोळ्यात राणीखेतच्या लासोटा लसीचा थेंब पडतो, चौदाव्या दिवशी गंबोरोची लस. थेंब पडतो, पण घ्यायला आत कुणी नसतं. लसीचं पत्र येतं आणि घराला कुलूप.

मग तीन आठवड्यांनी राणीखेत येतो, गंबोरो येतो, कोलाय येतो, सर्दी येते. माणूस रोगाला शिव्या देतो. लस बनवणाऱ्याला देतो. बर्फाच्या डब्याला देतो. “पिल्लंच हलकी आली,” म्हणून हॅचरीला देतो. पाण्याला देतो, वाऱ्याला देतो, अमावस्येला देतो. तुम्हाला कुणी नाव ठेवत नाही. खून दुसऱ्याच्या हातून करवून आपण पंगतीत वाढायला उभं राहणारी माणसं गावात असतात, त्यांना तुमच्याकडे शिकवणीला पाठवायला हवं.

घरचं माणूस म्हणून तुमच्या चुलतघराण्याचाही उल्लेख करतो, उगाच रुसवा नको. ऑक्राटॉक्सिन करणारी मंडळी मूत्रपिंडावर बसतात. मूत्रपिंडं फुगतात, फिकट पडतात, विष्ठा पातळ होते, तूस ओलं होऊन अमोनिया सुटतो. कधी हृदयावर आणि यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर चढतो, त्याला आम्ही गाऊट म्हणतो आणि पाण्यातल्या क्षारांना दोष देतो. फ्युझेरियमबाईंचं टी-2 पिल्लाच्या तोंडात चोचीच्या कडेला पिवळट खपल्या काढतं. त्या जखमेनं पिल्लू खायचं सोडतं, आणि आम्ही म्हणतो, “खाद्य आवडत नाही वाटतं.” तुम्ही सगळ्या एकाच पोत्यात असलात तर त्रास बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढताना दिसतो. भाऊबंदकीत आमच्याकडे उलटं असतं, दोघं एकत्र आले की काम होत नाही.

आता हिशेबाकडे येऊ, कारण तुमच्यावर खरा राग तिथं आहे.

मी स्वतः मका घेऊन भरडतो, त्यामुळे माझं नुकसान माझ्या नाकाचं. पण माझा चुलतभाऊ कंपनीची पिल्लं सांभाळतो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, तूस आणि रात्रीची झोप त्याची. बॅच उचलली की एक कागद मिळतो. किती खाद्य गेलं, किती किलो पक्षी भरला, भागाकार काढून एफसीआर. भागाकार ठरल्यापेक्षा वर गेला की किलोमागचे पैसे कमी. मरतुक वर गेली की आणखी कमी. त्याच्या शेडमध्ये खाद्याच्या गोणीतून तुम्ही उतरलात तर पिल्लू खातं तेवढंच आणि वाढतं कमी. तुमचा गुन्हा भागाकारात जातो आणि उत्तर भावाच्या नावावर येतं. सुपरवायझर म्हणतो, “दादा, मॅनेजमेंट कमी पडलं.” खाद्य निवडायचा हक्क ज्याला नाही त्यालाच खाद्याचा दंड. एवढा सोपा न्याय बिबट्यालाही मिळत नाही. त्या कागदावर ‘इतर कपात’ असा एक रकाना आहे. मला वाटतं तुमचं खरं आडनाव तेच असावं.

एकदा त्यानं विचारलं, गोणीतल्या खाद्याची तपासणी करता का? उत्तर आलं, करतो, प्रत्येक गाडीची. तेही खोटं नसेल. पण तुम्ही काय गाडीभर सारख्या पसरून बसता? भारतीय मानकानुसार कोंबडीच्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-1 किलोमागे 20 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. अमेरिकेतही लहान वयाच्या जनावरांच्या खाद्यासाठी आकडा वीसचाच. म्हणजे दहा टनांच्या ट्रकात सगळं मिळून 200 मिलिग्रॅम. चिमटीत मावेल. ते विषही सगळीकडे नसतं. एका कोपऱ्यातल्या ओल्या ढेकळात, कधी मोजक्या दाण्यांत सगळं साठलेलं. तपासणीसाची पोत्यात खुपसायची टोकदार पोकळ नळी हातभर अलीकडे पडली तर ट्रक पास, त्याच ढेकळात पडली तर ट्रक नापास. मटक्याच्या आकड्यालाही याहून जास्त भरवसा असतो.

तुमची कीर्ती इथल्यापुरती नाही, हेही ऐकून आहे. 1960 साली इंग्लंडात थोड्या महिन्यांत टर्कीची लाखावर पिल्लं मेली. गोऱ्या डॉक्टरांना आधी वाटलं, नवा विषाणू आला. नाव सापडेना म्हणून ‘टर्की एक्स’ ठेवलं. शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत गेला आणि पेंडीत तुम्ही सापडलात. तुमचा शोध लावायला त्यांनी काय वापरलं? बदकाची एक दिवसाची पिल्लं. तीच तुमच्या विषाला सगळ्यांत आधी बळी पडतात, म्हणून संशयित माल त्यांना घालायचा आणि यकृत तपासायचं. साक्षीदाराला मारूनच गुन्हा सिद्ध करायचा, ही पद्धतही तुमच्यामुळे रूढ झाली. त्यांनी निदान शोधलं. तिथं लाखावर पिल्लं मेल्यावर शोध सुरू झाला. आमच्याकडे प्रत्येकाच्या शेडमध्ये पाटी-पाटीनं मरतात, त्यामुळे लाख कधी भरतच नाहीत.

आणि तुम्ही पिल्लांवर थांबत नाही, हे आमच्याच देशात 1974 साली दिसलं. गुजरात-राजस्थानच्या सीमेवर, पंचमहाल आणि बांसवाड्याच्या आदिवासी गावांत, ऐन काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. मका कणसातच भिजला. दुसरं खायला नव्हतं, लोकांनी तोच खाल्ला. कावीळ, पोटात पाणी. संशोधकांनी 397 रुग्णांची नोंद केली, त्यातले 106 दगावले. त्या घरांतली कुत्रीही तशीच मेली होती. आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या ठाकर-महादेव कोळ्यांच्या वाडीवर एखादी म्हातारी बुरा आलेली नाचणी कोंबड्यांपुढे टाकते, कारण ‘माणसाला नको, पाखराला चालेल’. मी तिला हसायचो. मग लक्षात आलं, माझ्या शेडवर मी तेच करतो, फक्त वजनकाट्यावर.

तुमच्यावरचे उपायही तुमच्याइतकेच विनोदी. उन्हात घातलं की तुमची वाढ थांबते, बरंचसं विष राहतं. पेलेट मिलच्या ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या वाफेत तुम्ही मरता, विष राहतं. प्रॉपिऑनिक आम्ल फवारलं की तुमची पुढची पिढी थांबते, मागच्या पिढीनं रांधून ठेवलेलं राहतंच. मग आम्ही बाइंडर घालतो. बेंटोनाइट म्हणजे आपल्या मुलतानी मातीची नातेवाईक. ही माती आतड्यात तुमचं अफ्लाटॉक्सिन कवटाळून बाहेर नेते. काम चोख करते, पण टी-2 समोर आलं की ओळखही दाखवत नाही. त्यावर दुकानदार यकृताचं टॉनिक देतो. हिरवी बाटली, वर कोंबडा हसतोय. बाटलीचं बिल, मातीचं बिल आणि जास्तीच्या लसीचं बिल, या तिघांची बेरीज मी मागच्या बॅचला केली. हवा असलेला मका घेऊन जेवढे वाचवले होते त्याहून ती जास्त भरली. ही बेरीज मी बायकोला दाखवलेली नाही. तुम्हीही सांगू नका.

मला तुमचं नाव कळलं ते आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांमुळे. चार मेलेली पिल्लं पिशवीत घालून नेली. त्यांनी दोन फाडली, कलेजी बोटानं दाबली, शेपटीखालची ती पिशवी शोधली, बराच वेळ शोधली, मग कात्री ठेवून हात धुता धुता विचारलं, “मका कुठला?” पिल्लांचा रोग विचारायला गेलो होतो. ते मक्याचं गाव विचारत होते. त्या दिवशी घरी येऊन थप्पी हलवली. खालच्या थराची सहा पोती भिंतीला चिकटली होती. ओढलं तर आतून दाणे ढेकळासारखे निघाले, वर पिवळसर-हिरवी भुकटी. उगाच नाही तुम्हाला फ्लेव्हस म्हणत, लॅटिनात त्याचा अर्थ पिवळा. खंडोबाचा भंडारा उधळावा तशी ती भुकटी अंगावर आली आणि मी दोन दिवस खोकलो.

आता पोत्याखाली लाकडी फळ्या आहेत. थप्पी भिंतीपासून हातभर लांब आहे. मका घेताना मीटर घेऊन जातो, त्यामुळे आडतीवर माझं नाव ‘मीटरवाला’ पडलंय आणि चहा मिळायचा बंद झालाय. एवढ्यानं तुम्ही जाल अशी माझी समजूत नाही.

पण तुमची ती सहा पोती. भावकीतला एकजण ती मागायला आला. “टाकण्यापेक्षा माझ्या गाईला घालतो, गाईला काय होतं?” गाईला फारसं काही होत नाही, तेच तर. गाय तुमचं विष पोटात घेते, त्याचा थोडा भाग रूप बदलून एम-1 या नावानं दुधात उतरवते आणि सकाळी ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं. पिल्लाच्या कलेजीतून निघायचं आणि कुणाच्या तरी नातवाच्या पेल्यात जायचं, असा तुमचा बेत मी ओळखला. त्याला नाही म्हटलं. तो म्हणाला, “द्यायचं नसेल तर सरळ सांग, कारणं कशाला सांगतोस.” आता त्याच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण मला येणार नाही. हेही तुमच्याच खात्यावर मांडतो.

सहा पोती बांधाच्या कडेला खड्डा काढून पुरली, वर चुना टाकला. काल संध्याकाळी तिकडून जाताना पाहिलं, शेजारच्या गावरान कोंबड्या पिल्लांना घेऊन नेमकी तीच जागा उकरत होत्या. एकीनं पिवळा दाणा काढून पिल्लापुढे टाकला आणि बोलावलंही, आया बोलावतात तसं. हाकललं. मग अंधार पडेपर्यंत त्यावर आणखी दोन फूट माती ओढली.

आपला,
एक पोल्ट्रीवाला, आळेफाट्याजवळून